फोनला न दिसणारे धावणारे

धावून आल्यावर घरच्यांच्या आधी फोनला सांगायचं, अशी एक रीत गेल्या काही वर्षांत पडली आहे. नागपुरात अंबाझरीच्या काठावर, फुटाळ्याला, सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटवर रविवारी सकाळी जरा उभं राहून बघा. माणूस थांबतो, वाकतो आणि श्वास जागेवर यायच्या आत मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबतो. मग आकडे, मग फोटो, मग तर्री-पोहे. एखादा गडी आधी पोह्यांकडे वळतो, पण त्याला ग्रुपमध्ये कोणी गंभीरपणे घेत नाही.

या सगळ्याला दिखाऊपणा म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कमावलेलं शरीर चारचौघांना दाखवायचं, ही आपल्याकडची फार जुनी हौस. नागपंचमीच्या कुस्त्या कोणी दार लावून लढल्या नाहीत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं, आणि १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा या मंडळाचा चमू तिथे जाऊन कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. विदर्भातल्या व्यायामाला प्रेक्षक नकोच होते, असं म्हणणाऱ्याने जरा चौकशी करावी.

बदल झाला तो बघणाऱ्यात. आखाड्यात वस्ताद असायचा. पोराचा खांदा उतरलाय, रात्री झोप झालेली नाही, उजवा पाय जपून टाकतोय, हे त्याला तोंडाने सांगावं लागत नसे. ‘आज मातीत उतरू नको, जा घरी,’ असं तो म्हणायचा, आणि त्या दिवशी घरी जाणं हाही सरावाचाच भाग असे. फोनमधल्या प्रेक्षकाला तीनच गोष्टी दिसतात: अंतर किती, वेळ किती, फोटो कसा. त्यामुळे शाबासकी मिळते ती या तिन्हींचीच. ज्याची शाबासकी मिळते ते माणूस जास्त करतो आणि ज्याची मिळत नाही ते सोडत जातो. एका माणसापुरतं हे त्याचं त्याने बघावं. पण सगळं शहरच आपल्या धावण्याकडे या तीन खणांतून बघू लागलं, की काही धावणारे दिसेनासेच होतात. माझी तक्रार तिथे आहे.

आधी जमेची बाजू, कारण ती खरी आहे आणि मोठीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक अंदाज २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. त्यानुसार २०२२ साली भारतातले ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं, पुरुषांमध्ये ४२. पुरेशी म्हणजे काही अवघड नाही: आठवड्याला दीडशे मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतपत चालणं. एवढंही निम्म्या देशाला जमत नाही. अशा देशात मानेवाड्याची एखादी ताई मैत्रिणीचा घामेजलेला फोटो बघून बूट विकत घेत असेल, तर त्या फोटोला शंभर गुन्हे माफ करायला मी तयार आहे.

आणि फोटोचा असा परिणाम होतो, हे नुसतं वाटणं नाही. सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलायडिस या एमआयटीतल्या दोघांनी २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. धावणं नोंदवून मित्रांना दाखवणारे सुमारे ११ लाख लोक, त्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी. मित्रामुळे माणूस धावतो की धावणारेच एकमेकांचे मित्र होतात, हा यातला नेहमीचा घोळ. तो त्यांनी हवामानाच्या मदतीने सोडवला. एका शहरात पाऊस पडला, तिथले लोक घरी बसले. दुसऱ्या शहरात ऊन होतं, तिथल्या त्यांच्या मित्रांनी त्या दिवशी काय केलं? तर तेही कमी धावले. मित्र एक किलोमीटर जास्त धावला, तर आपण साधारण ०.३ किलोमीटर जास्त धावतो, असा त्यांचा हिशेब निघाला.

याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टींकडे मात्र फार कोणी बघत नाही. पहिली अशी की कमी धावणाऱ्यांचा जास्त धावणाऱ्यांवर परिणाम होतो, उलट मात्र होत नाही. म्हणजे पुढे असलेल्याला बघून आपण उठत नाही; मागचा जवळ येतोय हे दिसलं की उठतो. दुसरी गोष्ट, पुरुषांवर पुरुष आणि बायका दोघांचाही परिणाम होतो, बायकांवर फक्त बायकांचा. या दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तर रीलमध्ये सहा खणांचं पोट दाखवत पहाटे चारला उठायला सांगणाऱ्या पठ्ठ्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. उपयोग आहे तो शेजारच्या फ्लॅटमधल्या, हळू धावणाऱ्या, पाच किलोमीटरात दोनदा चालणाऱ्या काकूंचा. आणि फोन मात्र त्या पठ्ठ्यालाच दिवसातून दहा वेळा आपल्यासमोर आणून उभा करतो, कारण त्याला बघत माणूस स्क्रीनवर जास्त वेळ थांबतो. धावायला नाही, बघायला.

आता मोजण्याकडे येऊ. ‘काय भाऊ, पेस किती पडला?’ हा नागपूरच्या कुठल्याही ग्रुपमध्ये धावून आल्यावरचा पहिला प्रश्न. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागलेली मिनिटं. आकडा उपयोगाचा आहे, पण तो सगळ्या दिवशी सारख्याच अर्थाचा नसतो, हे सांगणारी जागा ॲपवर नाही. लांब पल्ल्याच्या चांगल्या धावपटूंच्या सरावाचा अभ्यास स्टीफन सायलर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं केला. त्यात पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसलं: सरावाचा साधारण ८० टक्के भाग अगदी सावकाश, गप्पा मारता येतील इतका, आणि उरलेला कसून. केनियातले जगज्जेते सकाळच्या हलक्या फेरीला निघतात, तेव्हा सुरुवातीला आपल्या ग्रुपमधला कोणीही त्यांच्या बरोबरीने जाऊ शकेल. मात्र ‘आज सव्वाआठच्या पेसने सात किलोमीटर’ असं लिहून कोणी टाकलं, की खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या. तब्येत बरी नाही का? मग पुढच्या वेळी माणूस टाकायचं टाळतो, किंवा सात मिनिटांवर रेटतो. सावकाश धावायच्या दिवशी अर्धवट जोरात धावून झालेलं असतं, आणि जोरात धावायच्या दिवशी पायात जीव नसतो. वर्षभर सगळं धावणं एकाच मधल्या, निरुपयोगी वेगात होत राहतं, आणि मग फिजिओकडच्या रांगेत तीच मंडळी भेटतात. पाय दुखून राहिले, म्हणतात.

यात ॲपची रचना काही देवाने आखून दिलेली नाही. ‘स्ट्राव्हा’ हे धावणं नोंदवणारं अमेरिकी ॲप २००९ साली निघालं. रस्त्याचा एखादा तुकडा कोणीही आखायचा, आणि त्यावर सगळ्यांत कमी वेळ कोणाला लागला याची यादी कायम लागलेली, हे त्याचं मोठं आकर्षण. या तुकड्यांना सेगमेंट म्हणतात. सेमिनरी हिल्सचा चढ तुम्ही एकटे चढत असलात, तरी त्या यादीतली माणसं अदृश्यपणे तुमच्यासोबत चढत असतात. पण याच कंपनीने २०२० मध्ये दुसराही एक मान काढला: ९० दिवसांत त्याच तुकड्यावर सर्वांत जास्त वेळा कोण आलं. वेग कितीही असो. म्हणजे सातत्याला, रोज येणाऱ्या काकांना, शाबासकी देणारी रचना करता येते. करूनही दाखवली आहे. आपल्या ग्रुपांनी उचलला तो पहिला मान. याचा दोष अमेरिकेवर ढकलण्यात काही अर्थ नाही.

नागपुरात या आकड्याच्या वेडाला आणखी एक धार आहे, ती उन्हाची. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तेवढं रोज नसतं, पण पंचेचाळीस हा इथे बातमीचा आकडा राहिलेला नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, सुरू झाला की पहाटे पाचलाही रस्त्यातून वाफ येते, आणि किमान तापमान तिशीच्या आसपास रेंगाळत राहतं. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली साधारण तीन-चतुर्थांश नुसती उष्णता होऊन निघते. ती बाहेर टाकायला हृदयाला रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, आणि तेच रक्त पायांनाही हवं असतं. म्हणून डिसेंबरात ज्या वेगाला छाती शांत असते, त्याच वेगाला मे महिन्यात ती धडधडते. त्यात विदर्भाचा उन्हाळा कोरडा. घाम दिसायच्या आत उडून जातो, आणि माणसाला वाटतं आपल्याला फारसा घाम आलाच नाही. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो उष्माघात आहे, आणि तिथे मिनिटं मोजायची असतात ती त्याला गार करण्यासाठी.

यातलं रीलमध्ये काहीच नसतं. सराव सांगणारा मुलगा बंगळुरूचा असतो, पुण्याचा असतो, कधी थेट लंडनचा असतो. त्याच्या वेळापत्रकात मे महिना हा फक्त एक महिना. इथल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर वेग उतरवावा लागतो, अंतर कमी करावं लागतं, पन्हं-ताक बघावं लागतं, आणि काही दिवस सरळ घरी कूलरसमोर बसावं लागतं. इथल्या जुन्या खेळाडूंना हे कोणी शिकवावं लागलं नाही. उन्हाळ्यात तालीम उतरायची आणि पावसानंतर चढायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आता मात्र मासिक किलोमीटरांचं आव्हान फोनवर बाराही महिने सारखंच येतं. ‘मे महिन्यात १०० किलोमीटर’ पूर्ण केल्याचं डिजिटल पदक नागपूरच्या माणसाला मिळतं तेव्हा त्याने मूर्खपणा केलेला आहे की पराक्रम, हे त्या पदकावरून कळत नाही.

या बाबतीत केनियाचा मॅरेथॉनपटू एल्युड किपचोगेची गोष्ट मला फार आवडते, आणि ती अर्धीच सांगितली जाते याचा राग येतो. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात त्याने ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापले. किलोमीटरला सरासरी २ मिनिटं ५० सेकंद. त्याची चित्रफीत, त्यावर चढवलेलं पार्श्वसंगीत आणि मर्यादा नावाची गोष्ट अस्तित्वातच नसल्याचा संदेश आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या चित्रफितीत न मावणारी गोष्ट अशी की तारीख आधीपासून पक्की केलेली नव्हती. काही दिवसांची मुभा ठेवून हवामान बघून दिवस ठरवला गेला. थंड, वारा नसलेली सकाळ निवडली गेली. आळीपाळीने पुढे धावून वारा अडवायला ४१ वेगवान धावपटू होते. म्हणूनच तो अधिकृत विक्रम धरला जात नाही. जगातल्या सगळ्यांत भारी माणसाने हवामानासमोर मान तुकवली आणि मग धावला. आपण तीच क्लिप बघून मेच्या सकाळी साडेसातला वर्धा रोडवर निघतो.

इथवरचं नुकसान धावणाऱ्याचं स्वतःचं. याहून मला महत्त्वाचे वाटतात ते फोनच्या खणात न मावणारे लोक. नागपुरात सर्वांत गंभीरपणे धावतं कोण? घड्याळवाले तर नाहीतच. धावतात ती भरतीची पोरं आणि पोरी. मानकापूरच्या क्रीडा संकुलाकडे, रेशीमबागेच्या मैदानावर, उमरेड रोड आणि काटोल रोडच्या कडेने, आणि आसपासच्या तालुक्यांत तर प्रत्येक गावाच्या वेशीवर ही मुलं पहाटेच्या अंधारात असतात. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण. त्यात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर पूर्ण २० गुण, आणि मग वेळ वाढेल तसे टप्प्याटप्प्याने गुण गळत जातात. अग्निवीरला जायचं तर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत, तेव्हा कुठे पहिला गट. आमच्या ग्रुपमध्ये ‘पाचच्या पेस’वाला दिसला की लोक अदबीने बाजूला होतात. ही मुलं साडेतीनच्या आतबाहेर असतात, अंगात कॉलेजचा जुना टी-शर्ट, पायात हजार-बाराशेचा बूट, कधी तोही नाही.

त्यांच्या पेसला शाबासकी द्यायला कोणी नाही, असं मात्र नाही. त्यांचीही एक सोशल मीडिया आहे, आणि ती आपल्या फीडला कधी लागत नाही. भरती अकादम्यांची यूट्यूब चॅनेलं, वर्दीतल्या तरुणाचा हळू चालीतला प्रवेश, आईच्या डोक्यावर टोपी ठेवणारा मुलगा, मागे देशभक्तीचं गाणं. लाखो लोक बघतात. त्या रील्समध्येही गाळलेल्या गोष्टी आहेत: एका जागेमागे किती अर्ज, वय निघून गेलेल्यांचं पुढे काय, अकादमीची फी कोणत्या शेताच्या पैशातून आली. मध्यमवर्गीय रील माणसाला फार तर महागडा बूट विकते. भरतीची रील एखाद्या घराची तीन वर्षं विकत घेते. दोन्हींना ‘फिटनेस कंटेंट’ म्हणून एकाच टोपलीत टाकायला मी धजत नाही.

एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, वीस फुटांच्या अंतराने धावणारी ही दोन नागपुरं एकमेकांना ओळखत नाहीत. एकाच्या मनगटावर भरतीच्या पोराच्या वर्षभराच्या खोलीभाड्याएवढं घड्याळ आहे. दुसऱ्याच्या मुठीत मित्राच्या मोबाइलचा स्टॉपवॉच. पण नकाशावर उमटतो तो पहिलाच. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. स्ट्राव्हा लोकांच्या नोंदी एकत्र करून जगाचा एक उष्ण-नकाशा काढतं. जिथे जास्त लोक धावतात ती रेघ जास्त झळाळते. जानेवारी २०१८ मध्ये याच नकाशामुळे सिरिया-अफगाणिस्तानातल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा जगाला दिसल्या आणि मोठा गदारोळ झाला, कारण आसपासच्या काळोखात फक्त सैनिकांच्या घड्याळांनी काढलेल्या रेघा चमकत होत्या. गदारोळ गोपनीयतेचा होता आणि तो योग्यच होता. घराच्या दारापासून नोंद सुरू करणाऱ्या प्रत्येक बाईने सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा लपवण्याची सोय आजच चालू करावी. पण त्या घटनेचा दुसरा अर्थ माझ्या मनातून जात नाही. त्या तळाबाहेर हजारो माणसं चालत होती, राबत होती, आणि नकाशात तिथे काळोख होता.

आता हीच माहिती शहरांच्या नियोजनाला पुरवली जाते. ‘स्ट्राव्हा मेट्रो’ नावाने ती दिली जाते, आणि २०२० पासून शहरांना ती फुकट मिळते. हेतू चांगला: लोक कुठे चालतात-धावतात ते बघा, तिथे फुटपाथ करा, दिवे लावा. पण उद्या आपल्या शहरात कोणी असा नकाशा उघडून ठरवायला बसलं, तर सिव्हिल लाइन्स आणि अंबाझरी झळाळणार, आणि जिथे घड्याळं कमी तिथे धावणारेही कमी, असं समजलं जाणार. उमरेड रोडच्या कडेने ट्रकांच्या दिव्यांत धावणारी ती पोरगी कुठल्याच रेघेत नाही. ज्याला आधीच झाडांची सावली आहे त्याच रस्त्याला आणखी बाकं मिळतील. याला आकडेवारीवर आधारलेला निर्णय असं भारदस्त नावही मिळेल.

धावणाऱ्यांच्या ग्रुपांवरचा माझा राग इथून येतो, आणि तो आपल्याच माणसांवरचा असल्यामुळे जरा जास्त आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या शहरात स्पर्धांचा हंगाम असतो. रस्ते बंद होतात, ढोल-ताशे वाजतात, तीन किलोमीटरला बाप-लेकी येतात, एकवीसला डॉक्टर-वकील येतात, गळ्यात पदकं पडतात. मला हे आवडतं. शहरातले लोक एका सकाळी रस्त्याचे मालक होतात, हे दृश्य चांगलंच आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. असली माणसं आपल्या गल्लीत राहतात हे लोकांना कळलं, तेही फोनमुळेच. पण हजारो माणसं एका हाकेवर सकाळी साडेपाचला गोळा करण्याची ताकद या ग्रुपांकडे आहे, आणि ती ताकद वर्षातून काही सकाळी फोटो काढून विसर्जित होते.

त्या ताकदीने मागायला काय कमी आहे? नागपूरचे रस्ते एकामागून एक सिमेंटचे झाले. रस्ता उंच, कडा खाली, मधे फट, आणि फुटपाथ असेल तर त्यावर विजेची डीपी किंवा पाणीपुरीची गाडी. धावणाऱ्याला शेवटी गाड्यांच्या बरोबरीनेच धावावं लागतं. नव्या रस्त्याच्या आराखड्यातच कडेला मातीची चार फुटी पट्टी ठेवा, ही मागणी एखाद्या ग्रुपने लावून धरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पहाटे पाचला उघडं असेल असं बायकांसाठीचं स्वच्छतागृह शोधून दाखवा. रविवारच्या लांब पल्ल्यासाठी बायका रस्ता निवडतात तो कोणाच्या तरी घराच्या, ओळखीच्या पेट्रोल पंपाच्या हिशेबाने, ही गोष्ट त्या पोस्टमध्ये लिहीत नाहीत, कारण तिथे ‘नो एक्स्क्युजेस’ लिहायचं असतं. सबबी सांगायच्या नाहीत हा फोनवरचा पहिला धर्म झाला आहे. पण महापालिकेला द्यायच्या अर्जात ज्याला तक्रार म्हणतात, तीच इथे सबब ठरते, आणि माणूस ती स्वतःच्या मनाच्या कमजोरीच्या खात्यावर लिहून मोकळा होतो. दिवा नाही, कुत्री मागे लागतात, वाट नाही, तरी मी धावलो, याचं कौतुक होतं. दिवा का नाही, हे विचारणाऱ्याला निगेटिव्ह म्हणतात.

कोणी म्हणेल, आम्ही आठवडाभर नोकरी करतो, एक सकाळ मिळते ती धावू द्या. मैदान आणि दिवे बघायला नगरसेवक आहेत. म्हणणं चुकीचं नाही. पण या ग्रुपांची यादी चाळून बघा. त्यात हाडांचे डॉक्टर आहेत, उच्च न्यायालयात वकिली करणारे आहेत, सार्वजनिक बांधकामातले अभियंते आहेत, पत्रकार आहेत. एखाद्या रस्त्याच्या आराखड्यावर हरकत नोंदवायला लागणारं सगळं ज्ञान एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आयतं बसलेलं आहे, आणि तिथे चर्चा चालू आहे कार्बन प्लेटच्या बुटाची. तो बूट वीस हजारांच्या वर जातो, आणि तो घेणाऱ्यांतले बरेच जण दोन तासांत अर्धमॅरेथॉन पूर्ण करण्यासाठी धडपडत असतात. घ्या, हौसेला मोल नाही. पण त्या बुटाच्या धाग्यावर शंभर संदेश पडतात, आणि मैदानाचं फाटक पहाटे किती वाजता उघडतं यावर एकही पडत नाही.

हंगामाची नोंदणी पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे विचारायचं ते आयोजकांना तेव्हाच विचारता येईल. तापमान आणि दमटपणा अमुक एका पातळीवर गेला तर स्पर्धा थांबेल की नाही, आणि ते कोण ठरवणार, हे नोंदणीच्या पानावर लिहा. बर्फाचं पाणी भरलेले टब आणि रुग्णवाहिका नेमक्या कोणत्या किलोमीटरला असतील, ते नकाशावर दाखवा. सेल्फी पॉइंट तर दाखवताच. बायकांची स्वच्छतागृहं दर किती अंतराला आहेत तेही. पदक नको म्हणणाऱ्याला फीमध्ये सूट द्या आणि ते पैसे एखाद्या मैदानाच्या पहाटेच्या दिव्यांना लावा, पावती सगळ्यांना दिसेल अशी. आणि भरतीच्या पोरापोरींना पाच किलोमीटरच्या गटात फी माफ करा. पहिल्या दहांत निम्मे तेच येतील, घड्याळवाल्यांनी मनाची तयारी ठेवावी.